काजळराणीची हुलकावणी

धुळ्याला भाचीच्या लग्नात लिलाबाईंना त्यांचा भाऊ अभिमन याने चारचौघांत विचारलं, "प्रशील काय करतो म्हणे पुण्याला? अजून गेमच खेळतो का?"

"खेळत नाही, बनवतो," लिलाबाई म्हणाल्या.

"बनवतो म्हणजे काय करतो नेमकं?"

लिलाबाईंनी वाढप्यापुढे वाटी धरली. पंक्तीत वाढणारे पुढे सरकले, विषयही सरकला. पण जळगावच्या बसमध्ये नवऱ्याच्या, सुपडूभाऊंच्या, शेजारी बसून त्या तोच प्रश्न मनात घोळवत राहिल्या. आपल्या एकुलत्या एका मुलाचं काम काय, हे आपल्यालाच माहीत नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली होती.

घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी फोन लावला. "प्रशील, तुझं काम मला नीट समजावून सांग."

त्याने सांगितलं. त्यांच्या गेमचं नाव 'सावल्यांचं रान'. एका राज्यात लेकरांच्या सावल्या चोरीला जातात आणि सावली गेली की लेकरू दगडाचं होतं. एक मुलगी हातात कंदील आणि कोयता घेऊन धाकट्या भावाची सावली परत आणायला रानात शिरते. वाटेत भयंकर गोष्टी भेटतात. शेवटी भेटते काजळराणी. तिने सगळ्या सावल्या आपल्या ओढणीला शिवून घेतलेल्या असतात.

"ती काजळराणी माझी," प्रशील म्हणाला. "चित्र दुसऱ्याने काढलं. पण ती कशी उभी राहते, कशी चाल करते, कुठे चुकते, हे सगळं मी ठरवलं."

"मग मला ती बघायची."

"व्हिडिओ पाठवतो."

"व्हिडिओत दुसरा कोणी खेळणार. मी स्वतः जाईन तिच्यापर्यंत."

प्रशील हसला. "आई, फार अवघड आहे गं. चांगले चांगले खेळणारे रडकुंडीला येतात. वाटल्यास मी तुला थेट शेवटच्या दारापाशी नेऊन सोडतो."

"का? मला काय मागच्या दाराने जायचंय?"

पुढच्या सुट्टीत तो आला. त्याने आपला जुना कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत मांडला आणि आईच्या हातात कंट्रोलर दिला. सुपडूभाऊ त्याला रिमोटच म्हणायचे. ते दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते आणि बटणं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना आदर होता.

पहिल्याच विहिरीपाशी चिंध्यांचा एक कुत्रा लिलाबाईंच्या कंदीलवाल्या मुलीवर धावून आला. त्यांनी घाबरून सगळी बटणं दाबली. मुलगी पडली. पडद्यावर अक्षरं आली : 'पुन्हा ऊठ.' त्या पुन्हा उठल्या. कुत्र्याने पुन्हा पाडलं. प्रशील पुण्याला परत गेला तेव्हा त्या अजून विहिरीपाशीच होत्या.

थंडी पडली, बाजारात भरताची वांगी आली. दुपारचं जेवण आवरलं की लिलाबाई खुर्ची पुढे ओढून बसत. अंगठे दुखत, तेव्हा कोमट पाण्यात बुडवून ठेवत. एकदा आगीवर ठेवलेली वांगी कोळसा झाली, कारण गेममधल्या पुलावरचा आंधळा लोहार ऐन पडायच्या बेतात होता. आणि त्याच वेळी वीज गेली.

"तीस वर्षं वीज तयार केली तुम्ही," त्या नवऱ्यावर ओरडल्या, "आणि आपल्याच घरात नाही!"

सुपडूभाऊंनी जळकी वांगी सोलायला घेतली.

खरा बदल झाला तो गेममध्ये पुढे, कापसाच्या गुदामात. तिथे जाळं टाकणाऱ्या बाया होत्या. एके दिवशी सुपडूभाऊंना आतून बारीक पुटपुटणं ऐकू आलं. ते दारात येऊन उभे राहिले. लिलाबाई पडद्याकडे टक लावून, ओठ जेमतेम हलवत म्हणत होत्या, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

लग्नाआधी त्या धुळे जिल्ह्याकडून राज्य स्पर्धेत खेळल्या होत्या. चढाई करायच्या. दीपनगरच्या कॉलनीत आल्यावर संध्याकाळी मैदानात मुलींना शिकवायच्या. गुडघा गेला आणि ते सुटलं. आता त्यांना इतकंच उमगलं होतं, की घाई केली की मरण आहे. एका दमात जायचं, समोरच्याचे पाय बघायचे, हात लावायचा आणि दम संपायच्या आत मागे यायचं. त्या दिवसापासून रान त्यांना वाट देऊ लागलं.

उन्हं कडक व्हायला लागली त्या सुमारास एका दुपारी त्या शेवटच्या दारातून आत गेल्या. समोर मोकळं अंगण, आणि मधोमध काजळराणी, एक हात कमरेवर ठेवून. ती हल्ला करायला धावली नाही. नुसती उभी राहून वाट बघत होती.

लिलाबाई पुढे सरकल्या. राणीने डावा खांदा खाली टाकला. लिलाबाई उजवीकडे निसटल्या आणि तिथेच राणीचा पाय फिरला. कंदील विझला. पुन्हा तेच. खांदा डावीकडे, पाय उजवीकडे. त्या आठवडाभर तिच्यापुढे पडत राहिल्या.

मग एकदा पडल्यावर त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हाक मारली, "अहो, इकडे या. ही मी आहे."

सुपडूभाऊ आले. त्यांनी पडद्यावरच्या राणीकडे बघितलं. "कमरेवर हात तर तुझाच आहे," ते म्हणाले.

"हात नाही, खांदा बघा. माझी हुलकावणी आहे ती. खांदा एकीकडे दाखवायचा, पाय दुसरीकडे टाकायचा." त्यांचा आवाज चढला. "कॉलनीच्या मैदानात पोरींना शिकवायचे तेव्हा प्रशील पायरीवर बसलेला असायचा. पाटी घेऊन. मला वाटायचं अभ्यास करतोय!"

आणि मग त्यांना दुसरी गोष्ट आठवली. त्या हुलकावणीत एक खोट होती. पाय फिरवल्यावर मागची टाच क्षणभर जमिनीला चिकटून राहायची. राज्य स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात सांगलीच्या एका मुलीने नेमकी ती टाच धरली होती आणि धुळे हरलं होतं. लिलाबाई पोरींना ते लपवून ठेवत नसत. "मी इथे पकडले गेले, तुम्ही जाऊ नका," असं सांगत. पोरानं तेही ऐकलं असेल का?

त्या पुन्हा आत गेल्या. खांदा पडला. या वेळी त्या निसटल्या नाहीत, जागच्या हलल्या नाहीत. पाय फिरला, केसभर अंतरावरून गेला. राणीची मागची टाच अंगणाला चिकटली होती.

"धर!" सुपडूभाऊ ओरडले.

लिलाबाईंनी त्या टाचेवर कोयता चालवला. राणी गुडघ्यावर आली. मग पुन्हा खांदा, पुन्हा पाय, पुन्हा टाच. शेवटच्या घावाला त्या खुर्चीतून उठून उभ्या होत्या. ओढणी उसवली आणि सावल्या पाखरांसारख्या अंगणभर उडाल्या.

फोन उचलताच प्रशीलला ऐकू आलं, "काय रे, मी राक्षसीण का?"

"आई, तू तिथपर्यंत गेलीस?"

"गेले आणि पाडलीसुद्धा. टाच धरली तिची."

"आई..." तो म्हणाला, "राक्षसीण नाही गं, राणी आहे ती. टीममध्ये सगळे म्हणत होते, असं कोणी हलत नाही, खोटं वाटतं, काढून टाक. मी अडून बसलो. म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलंय. आणि आता लोक ठिकठिकाणी लिहितायत, की सगळ्या गेममध्ये हीच एक जिवंत वाटते. हजारो जण अडकलेत तिच्यापाशी."

"अडकू दे," लिलाबाई म्हणाल्या. "कोणी कितीही ओरडलं तरी तिला सोपी करू नकोस."

"नाही करणार."

एवढ्यात आरडाओरडा ऐकून शेजारच्या झुंबरबाई पदराला हात पुसत आल्या. "काय झालं अक्का? कोणी पडलं का?"

"पडली ना, राणी पडली!" लिलाबाईंनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. आनंद झाला की त्यांच्या तोंडी माहेरची बोली यायची. "देख, झुंबर. हाई बठ्ठं मना पोऱ्यानं काम शे."

हे सगळं लिलाबाईंच्या पोराचं काम, एवढंच झुंबरबाईंना समजलं; पडद्यावर काय चाललंय ते काही कळलं नाही, पण त्या नीट सरसावून बसल्या. सुपडूभाऊ, ज्यांनी आयुष्यात बायकोचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, चहाचं आधण ठेवता ठेवता आतून म्हणाले, "पोरानं बनवली ती कोणाला हरवेना, झुंबरबाई. आमच्या हिनं हरवली."