कट म्हणायला उशीर

हिरो सवयीने उजेडात जाऊन उभा राहिला. जमिनीवर खडूची खूण दिसली की त्याचे पाय आपोआप तिच्यावर जायचे आणि हनुवटी दिव्याकडे वळायची.

"सर, तिथं मास्तर बसणार आहेत," कॅमेरामन शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाला. "तुम्ही इकडं, माझ्याशेजारी."

सेटवर खसखस पिकली. हिरो मुकाट्याने कॅमेऱ्यामागे आला. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी सगळं युनिट त्याला हिरोच म्हणायचं. आता तो पहिल्यांदाच दिग्दर्शन करत होता, पण नवं नाव शोधायला सवड होती कुणाला! त्याची थोरली बहीण तेवढी त्याला बाळ्या म्हणायची, आणि सिनेमाची निर्माती तीच असल्यामुळे तिला गप्प कोण बसवणार?

"बाळ्या, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघ," ताई त्याच्या कानाशी म्हणाली. ताईचं कुजबुजणं अर्ध्या सेटला ऐकू जायचं. "नाही जमलं तर उद्यापासून दुसरा माणूस. मी त्याच्याशी बोलून ठेवलंय."

"ताई, अगं, ते मास्तर आहेत."

"म्हणून तर सकाळपासून गप्प बसलेय."

मास्तर म्हणजे हिरोला त्याचा पहिला सिनेमा देणारे दिग्दर्शक. बरीच वर्षं ते घरीच होते. आपल्या सिनेमात बापाचं काम त्यांनीच करायचं, हा हट्ट हिरोचा. मास्तर नाही नाही म्हणत आले आणि पहिल्याच दिवशी घोडं अडलं. मुलगा बॅग उचलून घर सोडतो, दार लागतं आणि बाप त्या बंद दाराला चार गोष्टी सुनावतो, एवढाच प्रसंग. पण दोन वाक्यं झाली की मास्तरांचा चेहरा कोरा व्हायचा. हिरो कट म्हणायचा, मास्तर माफी मागायचे आणि हिरो कानकोंडा व्हायचा. ज्या माणसापुढे आपण थरथर कापलो, त्याने आपली माफी मागावी!

कापणार नाही तर काय! मास्तरांची एक खोड होती. नटाची वाक्यं संपली तरी ते कट म्हणायचेच नाहीत. पहिल्या सिनेमात हिरो खिडकीशी उभा, बोलून मोकळा झालेला, आणि मास्तर ढिम्म. त्याने बाही ओढली, नाक खाजवलं, शेवटी वैतागून काचेवर कपाळ टेकलं. तेव्हा कुठं कट. लोकांनी नेमकं ते कपाळ टेकणंच डोक्यावर घेतलं, पण हिरोच्या मनातली अढी काही गेली नाही. मास्तरांनी मला छळलं, असं तो प्रत्येक सत्कारात सांगायचा. लोक हसायचे. शेजारी बसलेले मास्तरही नुसते हसायचे.

"आणखी एक घेऊ या," हिरो म्हणाला. "ॲक्शन."

मुलाचं काम करणारा नट उठला, बॅग उचलून बाहेर गेला. दार लागलं. मास्तर दाराकडे बघत म्हणाले, "जा. मला काही फरक पडत नाही." आणि थांबले. चेहरा कोरा झाला.

गेलं, हिरोला वाटलं. आता कट, मग ताई, मग उद्याचा तो दुसरा माणूस. मास्तरांना घरी सोडायला कोण जाणार, हेसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

पण मास्तरांचा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. विसरलेलं वाक्य तिथंच कुठं सांडलं असावं, असा. हाताला मुलाचा अर्धा राहिलेला चहाचा कप लागला. त्यांनी तो लांब सरकवला. परत जवळ ओढला.

आता काय करतील? हिरो पुढे वाकला.

मास्तरांनी कपाला तळवा लावून पाहिला. मग मुलाची तिरकी राहिलेली खुर्ची सरळ करायला हात नेला, आणि ती तशीच राहू दिली.

"अरे, कट म्हण की," ताई पुटपुटली.

हिरोने तिच्याकडे न बघताच हाताने तिला थांबवलं. जन्मात पहिल्यांदाच ती थांबली.

मास्तरांनी कप उचलला आणि मुलाचा उष्टा, गार चहा सावकाश पिऊन टाकला. कप ठेवताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी त्याच्याखाली बोट धरलं.

"कट," हिरो म्हणाला.

ताई चष्मा पुसत होती.

"त्या माणसाला नको म्हणून कळवते," ती म्हणाली, आणि या खेपेला खरंच कुजबुजली.

हिरो मास्तरांपाशी गेला.

"चुकलो रे," मास्तर म्हणाले. "पुढचं काही केल्या आठवेना. दे ती वाक्यं, पुन्हा पाठ करतो."

"ती काढून टाकली."

"बरं केलंस. बाप फार बडबडत होता. लिहिली कुणी होती?"

"मीच."

"तरीच." मग एकदम त्यांचा आवाज चढला, जुना, सेटवरचा. "पण मी अडलोय हे दिसत होतं ना तुला? मग कट म्हणायला काय झालं होतं? किती छळशील म्हाताऱ्याला!"

"छळत नव्हतो हो, मास्तर. तुम्ही पुढे काय करताय ते बघायचं होतं मला."

बोलून गेला आणि हिरोचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

मास्तर हसले. सगळ्या सत्कारांत हसायचे, तसेच.