केसरचं वारं

लेख वाचून दाखवला त्या दिवसापासून केसरनं आश्लेषाशी बोलणंच टाकलं, आणि आश्लेषाला त्याचा असा काही राग आला की विचारू नका. दोन वर्षं ती श्रीवर्धनहून स्कूटर दामटत दिघीच्या खाडीलगतच्या त्या कोळीवाड्यात जात होती, शाळेच्या व्हरांड्यात बसून केसरचा शब्दन् शब्द टिपून घेत होती. आणि इतक्या आपुलकीनं लिहिलेला लेख ऐकून या बाईनं काय करावं? पदर झटकला, मासळीची पाटी उचलली आणि चालती झाली! सासरची सुपारीची वाडी, कॉलेजातली मानसशास्त्राची नोकरी, सगळं सुखाचं असताना हे उपद्व्याप सांगितले होते कोणी, असं तिच्या नवऱ्यानं, सलिलनं, हसत हसत विचारलं, तर ती त्याच्यावरही खेकसली.

आता लेखात होतं तरी काय? नऊ वर्षांपूर्वी, वादळाचा बावटा लागलेला असताना, केसरच्या नवऱ्याला, ताडमाड केतनला, त्याचा थोरला भाऊ सदा होडीवर घेऊन गेला, आणि परत आला तो एकटा सदा. समुद्रात काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि कोळीवाड्यात कोणी विचारलं नाही, कारण होड्या सदाच्या आणि निम्म्या घरांची चूल त्याच्या जिवावर. फक्त वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेत, ढोल तापला की केसरच्या अंगात देवीचं वारं यायचं. मग ती भर गर्दीत सदाच्या एक सणसणीत कानाखाली वाजवायची, आणि तो एवढा दांडगा तांडेल तिच्या पायांवर डोकं ठेवून म्हणायचा, "चुकलो, आई." एरवी विधवेनं थोरल्या दिरावर हात उगारला असता तर वाड्यानं तिचं जिणं हराम केलं असतं; पण देवीला कोण काय बोलणार?

आश्लेषानं लिहिलं होतं की समाजसुद्धा एकट्या माणसासारखाच आपला राग गिळतो, अबोध मनाच्या तळाशी दडपतो, आणि मग त्याला देवीचा मुखवटा चढवून एका दिवसापुरता मोकळा सोडतो. म्हणून मनोविश्लेषण हे शहरातल्या चार खोल्यांत कोंडून ठेवायचं शास्त्र नव्हे, ते जत्रेत न्यायला हवं. केसरला तिनं हे सोपं करून सांगितलं होतं. "केसरताई, वारंबिरं काही नसतं. मारता ते तुम्हीच. राग तुमचा आहे, हक्काचा आहे."

हक्काचा म्हणे! अहो, पण हा हक्क त्या बाईनं मागितला होता का? तो आपल्याला पेलणार आहे का, हे तिला कोणी विचारलं होतं का?

त्यानंतरच्या पंधरवड्यात आश्लेषाला चहा खारट लागू लागला. आधी ती कामवाल्या पूनमवर ओरडली, मग नवं भांडं आणलं, मग स्वतः चहा केला, आणि पहिल्याच घोटाला कप मोरीत भिरकावला. सलिलनं त्याच चहाची चव घेऊन पाहिली; चहा चांगला गोड होता. "तुला विश्रांती हवी," तो म्हणाला, आणि या साध्या वाक्यावर तिला इतका संताप आला की उजवा तळहात नुसता भगभगू लागला.

तरी तिला भीती वाटली नाही. शिकलेली बाई ती! ज्याला आपण ऐकतो त्याचं मन कधीकधी ऐकणाऱ्यात उतरतं, हे तर ती दर वर्षी मुलांना फळ्यावर लिहून शिकवत होती. केसरनं मोकळा केलेला राग आपण थोडासा अंगावर घेतलाय, असं तिनं वहीत नीटस अक्षरात लिहून ठेवलं आणि तिला बरं वाटलं.

मग एका रविवारी सकाळी सलिल अंगणात कपडे वाळत घालायची दोरी सैल झाली म्हणून सोडून नव्यानं बांधत होता. ओट्यावर तांदूळ निवडणारी आश्लेषा सूप फेकून किंचाळली, "सोडू नको! दादा, सोडू नको!"

सलिल दोरी हातात धरून उभाच राहिला. "दादा? कोण, मी?"

ती खाली वाकून सांडलेले तांदूळ गोळा करू लागली. हे ओरडणं केसरचं नव्हे एवढं तिला कळत होतं. केसरच्या दोन वर्षांच्या बोलण्यात दोरीचा उल्लेख एकदाही आलेला नव्हता. रात्रभर वह्या चाळूनही तो सापडला नाही.

जत्रेच्या दिवशी सलिल नको नको म्हणत असताना ती गेली. भर दुपार होती. देवळापुढं ढोल सुरू झाला, बायकांनी गोल केला, आणि मधोमध केसर नवं लुगडं नेसून उभी राहिली. ढोल चढत गेला. केसरचे केस मोकळे होते, पण डोळे अगदी शुद्धीवर होते. सदा सवयीनं मान खाली घालून तिच्यापुढं येऊन थांबला, एक मिनिट, दोन मिनिटं. मग त्यानं मान वर केली आणि त्याच्या लक्षात आलं की यंदा काही होणार नाही. त्यानं ओठांत हसू दाबलं, नारळ फोडला आणि मिशीवरून हात फिरवला. मेल्यानं मिशीवरून हात फिरवला!

केसर गोलातून सरळ आश्लेषापाशी आली. तिचा आवाज चढला नाही, त्यानं तर जास्तच झोंबलं.

"बाई, मना आता ठावं झालं ना, की मीच हाय. मग थोरल्या दिराला मारू कशी? वर्साचा एकच दिवस व्हता माजा. त्यो तुमी न्हेलात."

आश्लेषाला उत्तर द्यायचं होतं, माफी मागायची होती. पण तिची नजर सदाच्या मिशीवर गेली आणि तळहात पेटला. पुढचं तिला आठवतं ते एवढंच, की ढोल थांबला होता, सदा गाल धरून तिच्या पायांशी बसला होता आणि जुन्या सवयीनं पुटपुटत होता, "चुकलो, आई."

मी आई नाही, मी आश्लेषा, आणि हे मी मारलंय तुला, शुद्धीत मारलंय, असं तिला ओरडून सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"दोर तू सोडलास, दादा. मी धरलेला व्हता."

सदा बसल्या बसल्या मागं सरकू लागला. "कोनी सांगलं?" त्याचा आवाज फाटला. "थितं आमी दोगंच व्हतो! कोनीच न्हवता थितं!"

गोलातल्या बायका मागं सरल्या. फक्त केसर पुढं झाली. तिनं आश्लेषाला नीट न्याहाळलं, मोकळे केस घाईघाईनं बांधले, पदर सारखा केला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

"किती येळ लावलात वो," ती हलकेच म्हणाली. "चला घरी. जेवान थंड व्हतंय."

आश्लेषा चालू लागली. केसरचं घर तिनं आजवर पाहिलं नव्हतं, तरी बोळाबोळांतून पुढं तीच होती आणि केसर मागं. एका निळ्या दारापाशी ती थांबली, चपला काढल्या आणि चौकट लागू नये म्हणून मान खाली वाकवून आत शिरली. चौकट तिच्या डोक्यापासून चांगली वीतभर उंच होती.