सतरावी पायरी

ओळंब्याला बायकोने आणि नातीने मिळून बसमध्ये बसवलं, तेव्हा त्याच्या सगळ्या सबबी संपल्या होत्या. गुडघा झाला, छाती झाली, ऊन झालं, शेवटी मांजराला दूध कोण घालणार इथवर मजल गेली. मांजर शेजाऱ्यांचं आहे, असं म्हणून नातीने तिकिटं काढली. 'किनाऱ्यावरच्या जुन्या इमारती, एका दिवसात चार' अशी ती सहल होती. जन्मभर दगड घडवलेल्या आजोबांना समुद्रकाठचे जुने दगड दाखवायचे, ही कल्पना तिला फारच आवडली होती.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ आहे की कलली आहे ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. हा गृहस्थ कुणाकडे जेवायला गेला तरी आधी दाराची चौकट सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघायचा, म्हणून सोबत्यांनी हे नाव पाडलं. काम सोडून नऊ वर्षं झाली, नाव काही सुटलं नाही. एवढा काटेकोर माणूस, आणि गेली एकतीस वर्षं एक पायरी त्याच्या मनाला खात होती.

ती पायरी जकातघरातली. बंदरात उतरणाऱ्या मालावर पूर्वी जिथे जकात घ्यायचे ती दुमजली दगडी इमारत, आणि सहलीतली नेमकी तिसरी. तिचा जिना बघायला लोक लांबून यायचे. गोल वळत वर जाणारा, खाली एकही खांब नाही. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत आणि दुसरं अधांतरी. ओळंबा अडतीस वर्षांचा असताना आठ महिने घर सोडून तिथे दुरुस्तीच्या कामावर होता. सतरावी पायरी तडकली होती आणि नवी घडवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्याने जुन्या पायरीची जाडी मोजली ती बरोबर मधोमध, आणि तिथेच घोळ झाला. दोनशे वर्षं माणसं जिथे पाय ठेवत आली, तिथे दगड बोटभर झिजला होता. झिजलेल्या मापाने घडवलेला नवा दगड भिंतीतल्या खोबणीत बसवला, तर तो खुळखुळायला लागला.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब उद्घाटनाला यायचे होते. नवा दगड घडवायला चार दिवस लागले असते. मग ओळंब्याने नको ते केलं. दगडाच्या पातळ कपच्या, म्हणजे चिपा, फटीत ठोकून ठोकून बसवल्या, वरून चुना लिंपला आणि तोंड बंद ठेवलं. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते म्हातारे मिस्त्री नेहमी बजावायचे, "चिपा मारायची वेळ आली ना, तर सरळ थापी खाली ठेव आणि दुसरा धंदा बघ." ओळंब्याने थापी खाली ठेवली नाही, पण त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला. कुठे जिना कोसळल्याची बातमी आली की तो आधी गावाचं नाव वाचायचा आणि मगच चहाचा घोट घ्यायचा. घरी चकार शब्द काढला नाही. भिडस्त माणसं सगळ्यांचं ऐकतात आणि स्वतःचं तेवढं गिळून बसतात, त्यातलाच हा एक.

पहिल्यांदा दीपगृह झालं, मग जुनी कचेरी. दीपगृहाच्या भिंती खाली हातभर जास्त जाड का असतात, हे एरवी ओळंब्याने बसमधल्या सव्वीस जणांना पकडून पकडून सांगितलं असतं. आज मात्र कचेरीच्या लाकडी सज्जाकडे त्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.

"आजोबा, बरं वाटतंय ना?" नातीने विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला आणि रिकाम्या बाटलीतून पाणी प्यायला लागला.

बायकोने ते पाहिलं. तिचा चेहरा बारीक झाला. बस जकातघराच्या रस्त्याला लागली, तसं तिनेही खिडकीबाहेर बघायचं सोडलं.

इमारत दाखवणारी बाई दारातच उभी होती. पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज खणखणीत. "कठड्याला धरून एका ओळीत वर चला. फोटो वर गेल्यावर!" तिने असं म्हटल्याबरोबर ओळीत सगळ्यात पुढे कोण घुसावं? नातच. आणि फोन अर्थातच वर धरलेला.

ओळंबा खालून पायऱ्या मोजत होता. नात नवव्या पायरीवर गेली. अकराव्या. तिच्यामागे दोन जाडजूड भाऊ, त्यांच्यामागे एक बाई लेकराला कडेवर घेऊन. चौदावी.

"थांबा!" तो एवढ्या जोरात ओरडला की वरची कबुतरं उडाली. "कुणी पुढे जाऊ नका. खाली या सगळे. ती सतरावी पायरी पक्की नाही!"

सगळे जागच्या जागी थिजले. "तुम्हाला कसं माहीत?" दाखवणाऱ्या बाईने विचारलं.

"मीच बसवलीय ती." एकतीस वर्षांनी तोंड उघडलं, तर ते मिटेना. सव्वीस अनोळखी माणसांसमोर त्याने सगळं सांगून टाकलं. झिजलेलं माप, बोटभर फट, चिपा, चुना, साहेबांचं उद्घाटन. नात खाली येऊन त्याला बिलगून उभी राहिली. बायको मात्र भिंतीला टेकून त्याच्याकडे टक लावून बघत होती, जणू हा माणूस आज पहिल्यांदाच भेटतोय.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग जुडग्यातली एक किल्ली निवडून ती म्हणाली, "काका, या माझ्याबरोबर. बाकीच्यांनी पाच मिनिटं बाहेर समुद्र बघा."

जिन्याच्या पोटाखाली एक अडगळीची कोठी होती. नातही आजोबांच्या मागोमाग आली. बाईने दार उघडलं, दिवा लावला आणि वर बोट दाखवलं. जिन्याची खालची बाजू डोक्यावर अगदी हाताला लागेल इतक्या जवळ होती. पहिल्या सात-आठ पायऱ्यांवरचा चुना खरवडलेला होता आणि प्रत्येक पायरी भिंतीत शिरते तिथे, फटीत, पातळ दगडी चिपा ठोकलेल्या होत्या. एका पायरीला तीन, एकीला पाच, एकीला तर ओळंब्याने मारल्या होत्या त्याच्या दुप्पट.

"दोन वर्षांपूर्वी पूर्ण जिन्याची तपासणी झाली," बाई म्हणाली. "चुना काढला आणि एकूण एक पायरीखाली हेच निघालं. आमच्या इंजिनियरबाई म्हणाल्या, पायरी भिंतीत घट्ट बसवायची तर चिपा ठोकाव्याच लागतात. ज्यांनी हा जिना बांधला त्यांनीही ठोकल्या आणि वरून चुना फासला. कोठीत कुणी येत नाही, म्हणून इथला चुना परत लावला नाही."

ओळंब्याने हात वर करून एक चीप चाचपली, मग दुसरी. त्याच्या नखात दोनशे वर्षांची माती गेली.

"आणि सतरावी?"

"एक पायरी नंतरची आहे, दगड वेगळा आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. अहवालात तिच्यापुढे त्यांनी शेरा मारलाय. 'पक्की आहे, हात लावू नये.' कागद दाखवू का?"

"नको," ओळंबा म्हणाला. मग त्याला एकदम हसू फुटलं. "म्हणजे आमचे मिस्त्रीसुद्धा... लबाड म्हातारा! स्वतः जन्मभर चिपा मारल्या असणार आणि मला धंदा बदलायला सांगत होता!" हसता हसता त्याच्या डोळ्यांना धार लागली. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि आता मोकळा श्वास कसा घेतात तेच त्याला आठवेना. तो त्या अडगळीत एका उलट्या बादलीवर बसला आणि पोटभर रडला. नातीने पाठीवरून हात फिरवला. बाईने शहाणपणाने किल्ल्यांशी चाळा केला.

थोड्या वेळाने सगळे पुन्हा जिना चढायला लागले. ओळंब्याने बायकोचा हात धरला होता. सोळाव्या पायरीवर ती थांबली.

"अहो, इथे आठ महिने राहून तुम्ही घरी आलात ते मुके होऊनच आलात. त्यानंतर समुद्राचं नुसतं नाव काढलं तरी विषय बदलायचात. मी काय समजायचं?"

"काय समजलीस?"

"इथे कुणीतरी आहे असं समजले."

"कोण असणार?"

"कोण म्हणजे? दुसरी बाई!" तिचा आवाज चिरकला. "आज सकाळपासून प्रत्येक दारात बघतेय, आता ती समोर येते की काय. म्हटलं, म्हातारी झाली असेल बिचारी."

ओळंब्याला कठडा धरावा लागला. "अगं, एकतीस वर्षं? आणि एकदाही विचारलं नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

तिने पदराने डोळे पुसले, नाक ओढलं आणि वरच्या, जरा वेगळ्या रंगाच्या दगडाकडे नीट निरखून पाहिलं.

"ही का ती सवत?" तिने विचारलं.

"हीच," ओळंबा म्हणाला.

तिने चपला काढून नातीच्या हातात दिल्या, ती सतराव्या पायरीवर चढली आणि तिने दोन्ही पाय चांगले दोनदा आपटले. पायरी हलली नाही. मागे अडकलेल्या दोघा भावांनी वर यायला वाट मागितली, तरी बायकोही जागची हलली नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मला उभं राहू द्या हिच्यावर."