महारुद्र मिस्त्रींची परतीची तारीख

"परतीचं तिकीट?" काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्टची पानं उलटत विचारलं.

"न्हाई," महारुद्र मिस्त्री म्हणाले. नुसतं म्हणाले नाहीत, छाती पुढं काढून म्हणाले.

"घरी राहिलंय का काका? मोबाइलवर असेल तरी चालेल."

"ऱ्हायलं न्हाई मॅडम, काढलंच न्हाई. मी कामाला चाललोय. काम झालं की निघंन."

पोरीनं मान वर केली. तिच्या कोटावर 'मैत्रेयी' अशी पट्टी होती. सकाळपासून तिनं शंभर माणसं पाहिली असतील, पण तिकीट नाही हे इतक्या ऐटीत सांगणारा हा पहिलाच. पांढरा सदरा, पायात नवे बूट, कपाळावर बायकोनं, कडूबाईनं लावलेला टिळा, आणि शेजारी लोखंडी पट्ट्या मारलेली हत्यारांची पेटी.

"काका, दार-ए-सलामला तुम्ही एकेरी तिकिटावर चाललात," ती म्हणाली. "तिथून बाहेर कधी पडणार, याचं तिकीट दाखवावं लागतं. नसेल तर तिथले अधिकारी तुम्हाला आल्या पावली माघारी पाठवू शकतात. मी तुम्हाला बसवू शकत नाही."

"अहो, माझी बायको सेलूला हाय! म्हैस गाभण हाय! अठ्ठावन्न वर्षाचा माणूस मी, तिथं राहून काय करू? ह्याच्याहून पुरावा कोणता पायजे?"

मागच्या रांगेतलं कुणी तरी फिस्सकन हसलं. मैत्रेयी हसली नाही. "पन्नास मिनिटांत काउंटर बंद होईल," ती म्हणाली. "तोवर काही सोय होते का बघा. बाजूला थांबा, तुमची जागा मी सोडत नाही."

मिस्त्री पेटी ओढत बाजूला झाले आणि तिच्यावरच बसले.

खरं तर तिकीट होतं हो! वैष्णवीनं, त्यांच्या लेकीनं, सेलूच्या बालाजीच्या दुकानातून वीस दिवसांपूर्वीच काढलं होतं. मशिनी बनवणाऱ्या कंपनीनं मिस्त्रींना जायचं तेवढं तिकीट दिलं होतं, काम संपलं की तिकडून परतीचं काढून देऊ असं सांगून. वैष्णवी परभणीला शाळेत शिकवते, चार ठिकाणी विचारून काम करणारी पोरगी. परतीचं तिकीट हातात असलेलं बरं, असं तिला कळलं आणि तिनं वीस जूनचं काढून टाकलं. मिस्त्रींनी तो कागद वाचला, घडी घातली, बालाजीच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "रद्द कर." बालाजीला वाटलं, घरात ठरलं असेल. त्यानं केलं. मिस्त्रींनी घरी अवाक्षर काढलं नाही. वर लेकीनं "आबा, कागद घेतले का सगळे?" असं विचारल्यावर "घेतले की!" म्हणून ठोकून दिलं.

असं का केलं, तर त्याला कारण होतं आणि ते छत्तीस वर्षं जुनं होतं.

बावीस वर्षांचे असताना महारुद्र बजरंग उस्तादांच्या हाताखाली काम करायचे. कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणारं जिन बसवावं तर उस्तादांनी, असं अख्ख्या मराठवाड्यात बोललं जायचं. आदिलाबादला एका जिनिंगमध्ये काम काढलं होतं. उस्तादांच्या घरी पोरीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून त्यांनी चारच्या गाडीचं तिकीट आधीच काढून खिशात ठेवलं होतं. शेवटचं मशिन राहिलं, तीन वाजले. उस्ताद सारखे खिसा चाचपत होते. महारुद्रनं सांगितलं, "उस्ताद, उद्या करू." उस्ताद म्हणाले, "पाच मिन्टाचं काम हाय." मशिन बंद न करताच त्यांनी सुरीपाशी हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली.

पुढं कुणी नवा माणूस हाताखाली आला की उस्ताद तो पंजा त्याच्यासमोर धरायचे. "हे माझं परतीचं तिकीट," म्हणायचे. "मशिन चालल्याबिगर तारीख ठरवायची न्हाई. ठरवली की ध्यान घड्याळात जातं." महारुद्रनं ते शब्द गाठीला बांधले ते कायमचे. नांदेडला जावो की वरंगलला, मिस्त्री जाताना एकेरी जात. लेकीच्या साखरपुड्याची तारीखसुद्धा पाहुण्यांना त्यांनी काम संपल्यावर दिली होती. माणूस हट्टी, पण त्यांनी बसवलेलं जिन दहा-दहा वर्षं कुरकुरत नसे, त्यामुळे लोक हट्टाला हट्ट म्हणत नसत.

कडूबाईचं निराळंच. लग्नाच्या पंगतीत तिनं उस्तादांचा तो पंजा पाहिला. तेव्हापासून नवरा बाहेरगावाहून आला की उंबऱ्यातच त्याचे दोन्ही हात धरायचे आणि बोटं मोजायची. मोजून झाल्याशिवाय पाणी नाही. शेजारपाजारच्या बायका हसायच्या. "हसा, हसा," ती म्हणायची, "तुमचे नवरे हिशोबाच्या वह्या चाळतेत, माझा सुऱ्यात हात घालतो."

तर असा हा माणूस विमानतळावर पेटीवर बसला होता. गेल्या साली टांझानियाचा एक जिनिंगवाला मशिनी बघायला सेलूला आला होता. मिस्त्री एका बिघडलेल्या जिनाला कान लावून उभे राहिले, आवाज ऐकला, किल्लीनं नट पाव आटा फिरवला आणि मशिन गप्प सुतासारखं चालायला लागलं. त्या माणसानं कंपनीला पत्र लिहिलं, की माझी अठरा मशिनं बसवायला हाच माणूस पाठवा. पत्रात नाव होतं, महारुद्र गंगाराम सोळंके. सातवी पास माणसाचं नाव, समुद्रापलीकडून छापून आलेलं! मिस्त्रींनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या गावाला दाखवलं. मग काय, पुतण्यानं देवगाव फाट्यावर हा एवढा फ्लेक्स लावला. मिस्त्रींचा फोटो, मागं विमान, आणि 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. त्या फ्लेक्सखालीच काल ट्रॅव्हल्समध्ये बसताना लोकांनी हार घातले होते.

आता माघारी जायचं तर त्याच फ्लेक्सखाली उतरायचं. मिस्त्रींनी लेकीला फोन लावला. त्यांना सोडायला आलेली वैष्णवी बाहेर दरवाजापाशीच थांबली होती.

"वैशू, ते तिकीट..."

"फाइलीत लाल कागदाच्या मागं हाय, आबा."

"न्हाई. मी रद्द केलं."

पोरीचा बांध फुटला. "आबा! अवं काय केलं तुमी हे? मी वीस जणांना विचारून तिकीट काढलं, आन तुमी... मला सांगायचं तरी! तो फ्लेक्स बघितला ना? आईनं गावभर पेढे वाटले. आता काय तोंड दाखवायचं?"

"चिडू नको ना माय. तारीख तू घातली होतीस. काम मला करायचंय. वीस जूनला अठरा मशिनी होतेत का? तुला जिनातलं काय कळतंय?"

वैष्णवीला उस्तादांचा पंजा आठवत होता. लहानपणी त्याच पंजानं त्यांनी तिला गोळ्या दिल्या होत्या. ती बोलली तेव्हा आवाज खाली आला होता. "बरं. माझं चुकलं, मी इचारायला पायजे होतं. पण आबा, तिकिटाबिगर ते बसू द्यायले न्हाईत. मी आत्ता इथून मोबाइलवर काढते. तारीख तुमी सांगा. तुमच्या हिशोबानं."

छत्तीस वर्षांत मिस्त्रींनी कुणाला तारीख सांगितली नव्हती. मालकांनी विचारलं, ठेकेदारांनी विचारलं, बायकोनं तर रडून विचारलं. ते काउंटरपाशी परत गेले.

"मॅडम, एक सांगा. तिकीट दाखवलं आन त्या तारखेला मी आलोच न्हाई, तर?"

मैत्रेयीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुमच्या व्हिसावर नव्वद दिवस आहेत काका. त्याच्या आत निघायचं, एवढंच. तारीख बदलता येते. नाहीच आलात तर तिकीट वाया जातं. बाकी काही नाही."

"वाया जातं. माणूस न्हाई जात ना?"

"नाही," ती म्हणाली. आता मात्र ती हसली.

मिस्त्रींनी डोळे मिटले. काउंटरची गर्दी, स्पीकरवरच्या सूचना, सगळं मागं पडलं. अठरा मशिनी, एकेकीला दीड दिवस, झाले सत्तावीस. गठाणी बांधायच्या प्रेसला चार. चालवून बघायला दोन. तीस मेला हात घातला तर एक जुलैला काम पुरं. काही अडलं तर म्हणून अजून दोन दिवस धरले.

"चार जुलै," त्यांनी फोनवर सांगितलं आणि घसा खाकरला. "लिही. चार जुलै."

दहा मिनिटांत तिकीट त्यांच्या मोबाइलवर आलं. मैत्रेयीनं ते पाहिलं, पासपोर्टात बोर्डिंग पास घालून दिला. "शुभेच्छा काका. मशिनं नीट चालू द्या."

"चालतेत! कोणी बसवल्यात!" मिस्त्री म्हणाले आणि ती पेटी सामानाच्या पट्ट्यावर ठेवताना आईनं पोराला शाळेत सोडावं तसे जरा घुटमळले.

तिकडचं काम ठरल्यासारखं झालं. भाषा कुणाला कुणाची येत नव्हती, पण जिन तेच होतं आणि कापूसही कापसासारखाच होता. तिथले फिटर त्यांना 'बाबू' म्हणायला लागले; तिकडं आजोबांना तसं म्हणतात हे कळल्यावर मिस्त्री आधी रुसले आणि मग खूश झाले. एक जुलैला अठराही मशिनं चालली. मालकानं बोकड कापला, मिस्त्री माळकरी म्हणून त्यांना बटाट्याची भाजी केली. तीन तारखेला गठाणी बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी विमान होतं. गाडी सकाळी न्यायला येणार होती.

सकाळी मिस्त्री आंघोळ करून, टिळा लावून, एकदा सगळ्या मशिनींवरून फिरले. अकराव्यापाशी थांबले. रुईची मूठ घेतली, तळव्यावर घासली. सरकीचे दोन बारीक तुकडे लागले. परत मूठ घेतली. परत एक तुकडा. म्हणजे सुरी सरकी फोडत होती. केसाएवढी बाहेर आली असेल.

मॅनेजरनं चिमटीत रुई धरून पाहिली. यात काहीच नाही, असं त्यानं हातानं सांगितलं. घड्याळ दाखवलं. बाहेर गाडीनं हॉर्न दिला. रोलर काढून सुरी घासून परत बसवायला निदान दीड दिवस. मॅनेजर मिस्त्रींच्या मोबाइलकडं बोट दाखवत होता, ज्यात ते तिकीट होतं.

मिस्त्रींचा हात आपसूक खिशाकडं गेला. आणि त्यांना उस्ताद दिसले, तीन वाजता खिसा चाचपणारे. त्यांनी मोबाइल खिशातून काढला, बंद केला आणि पेटीत तळाशी ठेवला. ड्रायव्हरला हात जोडले. मग अकराव्या मशिनीचा खटका स्वतः खाली ओढला, रोलर पुरता थांबेपर्यंत उभे राहिले, आणि सदरा काढून बनियनवर कामाला बसले. मॅनेजर काहीतरी बोलत राहिला. थोड्या वेळानं तोही शेजारी बसून किल्ल्या द्यायला लागला.

सहा तारखेला मुठीत नुसती रुई आली, मऊ. मालकानं नवं तिकीट आपणहून काढून दिलं. कंपनीच्या कागदावर त्यानं काही लिहिलं, ते वैष्णवीनं नंतर वाचून दाखवलं. लिहिलं होतं, की पुढच्या वर्षीच्या चोवीस मशिनांसाठीही हेच, आणि तारीख त्यांना विचारू नये.

देवगाव फाट्यावर ट्रॅव्हल्स सकाळी आठला थांबली. फ्लेक्स महिनाभराच्या वाऱ्यानं फाटून लोंबत होता. विमान शाबूत होतं, मिस्त्रींचं डोकं अर्धं उरलं होतं. त्याच्याखाली वैष्णवी आणि कडूबाई उभ्या होत्या. पुतण्या हार घेऊन पुढं सरसावला. कडूबाईनं त्याला कोपरानं बाजूला केलं.

"दाखवा," ती म्हणाली.

"अगं, समदे बघायलेत. घरी गेल्यावर मोज."

"दाखवा म्हनलं ना."

मिस्त्रींनी पेटी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. बोटांच्या रेघांत तिकडचं काळं तेल अजून बसलेलं होतं. हॉटेलावरची माणसं चहा पिता पिता थांबली, ट्रॅव्हल्सचा क्लीनर दारात लटकून बघायला लागला. कडूबाईनं डाव्या हाताची करंगळी धरली आणि सावकाश, एकही न गाळता मोजत गेली.

"दहा," ती म्हणाली आणि डोळे पदरानं टिपून पुतण्याला सांगितलं, "घाल आता हार."