फक्त वाचता येईल

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या केंद्रात तिला सगळे 'थोरली' म्हणायला लागले ते धाकटी तिथे नोकरीला आल्यावर. त्याआधीची अकरा वर्षं ती 'फायलीवाल्या बाई' होती. ते नाव काही फार गोड नव्हतं, पण तिचं एकटीचं होतं. धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. जागा रिकामी आहे हे घरी सांगितलं थोरलीनेच, अर्ज भरून घेतला तिनेच, आणि केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांच्याकडे "पोरगी हाताची हुशार आहे" असा शब्दही तिनेच टाकला. पुढे दोन वर्षं ती स्वतःला विचारत राहिली, की तेव्हा आपली जीभ कशी नाही अडखळली.

थोरलीचं काम नोंदींचं. पूर्वी कपाटं होती, किल्ल्या होत्या. मग सगळं संगणकावर गेलं आणि ती मांडणीही तिनेच केली. प्रत्येक पेशंटची एक फाईल. त्यात मापं, साच्याचे फोटो, डॉक्टरांचे शेरे. फाईल कोणी नुसती वाचायची, कोणी तिच्यात लिहायचं, कोणाला ती दिसूच द्यायची नाही, हे ती ठरवायची. "ताई, ती फाईल उघडत नाहीये हो," म्हणत कोणी टेबलाशी आलं की ती "बघते हं" म्हणायची आणि त्याला अर्धा मिनिट उभं ठेवायची. काम तीन सेकंदांचं असायचं. पण त्या अर्ध्या मिनिटात समोरचा माणूस तिच्या तोंडाकडे बघत असायचा, आणि दिवसभरात तेवढंच कोणीतरी तिच्या तोंडाकडे बघायचं.

धाकटी मापं घ्यायची. बाकीचे लिहायचे, "उजवा, गुडघ्याखाली, घेर अठ्ठावीस." धाकटी तेवढं लिहून खाली आणखी दोन ओळी लिहायची. "घरी चौदा पायऱ्या, कठडा डाव्या हाताला. उतरताना भीती वाटते, सांगायला लाजतात." डॉक्टरांनी ते वाचलं आणि त्या पेशंटच्या घोट्याचा सांधाच बदलायला लावला. तेव्हापासून लोक धाकटीच्या नोंदी आवडीने वाचायला लागले. फाईल कोण उघडून बसलंय ते वरच्या कोपऱ्यात छोट्या रंगीत गोलांनी दिसायचं. धाकटीच्या फायलींवर पाच-पाच, सहा-सहा गोल. थोरलीने चारशे पेशंटांची सूची केली होती, आजारानुसार, वयानुसार, रंग घालून. तिच्यावर गोल एकच, तिचा स्वतःचा.

हे तिच्या डोळ्यात खुपायला लागलं. कामाच्या मध्येच ती उगीच एखादी फाईल उघडायची, गोल मोजायची आणि बंद करायची. पुन्हा उघडायची. घरी सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमच्या दोघी सुना एकाच ठिकाणी, धाकटी तर लोकांना चालायला लावते," आणि थोरली स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच ठेवायची. आपण काय करतो हे सासूबाईंना तेरा वर्षांत सांगता आलेलं नव्हतं.

एका सोमवारच्या बैठकीत मास्तर म्हणाले, "यापुढे सगळ्यांनी धाकटीसारख्या नोंदी लिहा. आणि थोरली, तिलाही तुझ्यासारखे पूर्ण अधिकार देऊन टाक. तुझा भार हलका होईल."

"देते की," थोरली म्हणाली. तिने हसूनही दाखवलं.

भार! तिने कधी तक्रार केली होती भाराची? जागेवर येऊन बसली तरी तिचे कान तापलेलेच होते. दुपारी तिने नियमांचा जुना कागद शोधून काढला. तो तिनेच लिहिलेला होता, आणि तिच्यासकट सगळे विसरले होते. पेशंटची माहिती खाजगी असते, म्हणून ज्याच्या नावावर पेशंट त्यानेच फाईलमध्ये लिहावं, इतरांनी नुसती वाचावी. नियम म्हणजे नियम. धाकटीच्या नावावर नसलेल्या सदतीस फायली तिने निवडल्या. पडद्यावर ओळ आली, "या व्यक्तीला आता फक्त वाचता येईल. बदल ठेवायचा?" तिने बटण दाबलं आणि तिला इतकं बरं वाटलं, की आपण काहीतरी वाईट केलंय हे तिला त्या बरं वाटण्यावरूनच कळलं. पण तिने ते परत बदललं नाही.

त्या सदतिसांत सार्वजनिक बागेतल्या माळ्याची फाईल होती. माळी पन्नाशीचा, डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. तो होता 'उंच्या'च्या नावावर; उंच्या म्हणजे तिथला दुसरा तंत्रज्ञ, दरवाजातून वाकून आत येणारा. मंगळवारी माळी तपासणीला आला, उंच्या रजेवर होता, म्हणून धाकटीने माप घेतलं. पायावरची सूज उतरली होती, घेर चांगला दोन सेंटीमीटरने कमी झाला होता. महिन्यापूर्वी घेतलेल्या साच्यावर आता पाय बनवला तर तो सैल होणार हे उघड होतं. धाकटी लिहायला गेली तर फाईल लिहू देईना. तिने अधिकारासाठी विनंती पाठवली, तिच्याबरोबर निरोप लिहिला, आणि बुधवारी पहाटेच पंधरा दिवसांच्या मापाच्या शिबिराला बाहेरगावी निघून गेली.

विनंती थोरलीच्या पडद्यावर आली तेव्हा तिने धाकटीचं नाव वाचलं, तेवढंच. बघू दे जरा वाट, असं म्हणून तिने ती बाजूला सारली. धाकटीला आपल्याकडे काहीतरी मागावं लागलं, याचा आनंद तिला दोन दिवस पुरला. त्यानंतर कामाच्या रगाड्यात ती विसरूनही गेली.

रजेवरून आलेल्या उंच्याने फाईल उघडली, जुनं माप बघितलं आणि जुन्या साच्यावर पाय बनवला. घालून बघताना त्याने विचारलं, "सैल नाही ना वाटत?"

"छे छे, एकदम फक्कड," माळी म्हणाला. त्याला कामावर जायची घाई होती. चार महिने वाफे दुसऱ्याच्या हाती होते. घरी गेल्यावर त्याने आत आणखी दोन मोजे चढवले आणि आठ दिवस दात-ओठ खाऊन काम केलं. नवव्या दिवशी तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून केंद्रात आला, तेव्हा पायाच्या टोकाला रुपयाएवढी जखम झाली होती.

मास्तरांनी त्याच दुपारी सगळ्यांना बोलावलं. धाकटी आदल्याच दिवशी शिबिराहून परतली होती. बैठकीआधी थोरलीने ती विनंती शोधून उघडली. आत लिहिलं होतं, "ताई, माळीकाकांचा पाय दोन सेंटीमीटरने उतरलाय. जुना साचा वापरू नका म्हणावं. मला लिहिता येत नाहीये, तुम्ही तरी टाका."

थोरलीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी माळी येऊन गेला, असं दारावरच्या वहीत आहे," मास्तर म्हणाले. "मग फाईलमध्ये नोंद का नाही?"

थोरली टेबलाच्या लाकडावरच्या रेघा बघत होती. आता धाकटी सांगणार. सांगू दे. तिने खांदे आवळून घेतले.

"माझं चुकलं," धाकटी म्हणाली. "माप घेतलं, पण लिहायचं राहिलं. शिबिराच्या गडबडीत."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला. ओरडतील असं वाटलं, पण त्यांचा आवाज उलट मऊच झाला. "होतं असं. तुझ्यासारखीकडूनही होतं. जीव ओतून काम करणाऱ्याच्याच हातून निसटतं कधीतरी." डॉक्टरांनी आपला चहाचा कप तिच्याकडे सरकवला. उंच्या म्हणाला, "अगं, मीच पुन्हा मोजायला हवं होतं, तू कशाला वाईट वाटून घेतेस?"

थोरली वाचली होती. जीव भांड्यात पडायला हवा होता. पण ती सगळी मायेने भरलेली तोंडं धाकटीकडे वळलेली बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तेरा वर्षांत तिचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं, तेव्हा कोणी कप सरकवला नव्हता. आणि आता चूक तिची, आणि कौतुक तेवढं धाकटीला!

"खोटं बोलतेय ती," थोरली म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी तिचा लिहायचा अधिकार काढला होता. मास्तर, तुम्ही द्यायला सांगितलात त्याच दुपारी. तिने मागितला, बरोबर निरोपही पाठवला, मी उघडून बघितला नाही. मुद्दाम. चूक माझी आहे. ती तरी माझ्याकडे राहू द्या."

मास्तरांनी बाकीच्यांना जायला सांगितलं. थोरलीवर ते ओरडले नाहीत, आणि त्यांचा आवाज मऊही झाला नाही. "आता माझ्यासमोर अधिकार दे. तिला, उंच्याला, दोघांनाही. फाईल कोण बघतं, कोण लिहितं, ते यापुढे तिघांनी मिळून ठरवायचं. आणि माळ्याला जाऊन तू सांगायचं. मी सांगणार नाही."

माळी ड्रेसिंगच्या खोलीत बाकावर बसला होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. थोरलीने उभ्यानेच सांगितलं. अधिकार, विनंती हे शब्द त्याला नीट कळले नाहीत, मग ती सरळ म्हणाली, "तुमचं नवं माप लिहू दिलं नाही मी. जावेवर राग होता म्हणून."

"म्हणजे आता किती दिवस?"

"जखम भरेपर्यंत साचा घेता येत नाही. तीन आठवडे, कदाचित चार."

"मला घरात बसवलंत तुम्ही," तो म्हणाला. "तुमच्या जावेपायी." त्याची बायको पाण्याची बाटली भरून आत आली, तसं त्याने तोंड फिरवलं. थोरली आणखी थोडा वेळ उभी राहिली, पण तिथे तिच्यासाठी काही नव्हतं.

संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या बरोबरच घरी निघाल्या, कारण बस एकच आणि घरही एकच. बसथांब्याच्या बाकावर दोघींच्या मध्ये तिसरी बसेल एवढी जागा होती.

"मोठेपणा करायला कोणी सांगितलं होतं तुला?" थोरली म्हणाली.

"मोठेपणा?" धाकटी एकदम उसळली. दोन वर्षांत तिचा चढलेला आवाज थोरलीने ऐकला नव्हता. "वचपा काढत होते मी, ताई! फाईल बंद कोणी केली, कधी केली, ते फाईलच्या इतिहासात वेळेसकट दिसतं. मला मंगळवारीच कळलं होतं. तरी म्हटलं, निरोप तरी वाचतील. आज म्हटलं, हिचं पाप मी अंगावर घेते, म्हणजे जन्मभर माझ्यासमोर मान वर करायची नाही. तुम्ही तेही करू दिलं नाहीत."

थोरली बाकावर जरा मागे सरकली.

"आणि आपल्या घरात काय वेगळं आहे?" धाकटी थांबेना. "डबे तुमच्या क्रमाने. टॉवेल कुठल्या कप्प्यात, ते तुम्हाला विचारा. आईंच्या गोळ्या कधी, तुम्हाला विचारा. माझा नवरासुद्धा स्वतःचे मोजे तुम्हाला विचारतो. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुमच्यावर जळतेय."

"माझ्यावर?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं. "माझ्यात काय आहे जळण्यासारखं?"

"सगळं कुठे आहे ते तुम्हाला माहीत असतं."

खरं सांगायचं तर थोरलीला ते ऐकून आनंद झाला, आणि माळ्याच्या जखमेच्या दिवशी आनंद झाला म्हणून लाजही वाटली. बस आली. त्या चढल्या, एकाच बाकावर बसल्या. रात्रीच्या जेवणानंतर थोरलीने सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा उघडून धाकटीपुढे ठेवला आणि "पांढरी सकाळी, गुलाबी जेवणानंतर," एवढं बोलून ती बाजूला झाली. धाकटीने गुलाबी गोळी काढली. राग दोघींचाही गेलेला नव्हता.

माळ्याची जखम भरायला पंचवीस दिवस लागले. नवा साचा धाकटीने घेतला, उंच्याने पाय बनवला. घालून बघायच्या दिवशी थोरलीला आत बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन गेली आणि भिंतीशी उभी राहिली. माळी दोन दांड्यांच्या मधून गेला, परत आला, मग दांड्या सोडून चालला. सगळे "वा, वा" करत होते ते धाकटीकडे बघून, आणि थोरलीच्या डोळ्यात ते पुन्हा खुपलं. पण ती तिथून हलली नाही.

"बागेत मला खाली बसावं लागतं," माळी म्हणाला. "ते बघू द्या." तो मधोमध आला, सावकाश एका गुडघ्यावर टेकला, समोर रोप असल्यासारखा फरशीवर हात फिरवला. मग उठायला गेला तेव्हा त्याचा तोल जरा गेला आणि आधारासाठी हात बाजूला झाला. जवळ होता तो थोरलीचा खांदा. कोणाचा आहे हे न बघताच त्याने तो धरला, सगळं वजन टाकलं आणि उठला.

"आता बरोबर आहे," तो धाकटीला म्हणाला. "बिलकूल हलत नाही."

हात त्याने अजून काढला नव्हता. तो सरळ उभा राहीपर्यंत थोरली तशीच ताठ उभी राहिली.