पाखऱ्याची शिंगं

"रंग नाई त नाई, पर चमक त पायजे!" असं म्हणत आमच्या शेजारच्या आदेशनं वेल्डिंगच्या दुकानातून ग्राइंडर आणलं. उद्या पोळा. यंदा वर्ध्याची एक प्राणीमित्र संस्था बक्षीस देणार होती, आणि शिंगं रंगवलेला बैल बाद, असा त्यांचा नियम. दरवर्षी काचेच्या तुकड्यानं शिंगं हलकेच खरवडून साळतात. यानं ऐन झडीत, गोठ्याच्या चिखलात पाखऱ्या बैलाला आवळून बांधलं आणि मशीनच फिरवलं.

"अबे, जिवंत शिंग हाय ते, लाकूड नाई!" मी कुंपणावरून ओरडलो.

"काका, तुमी काऊन मधात पडून राह्यले?"

जळक्या शिंगाचा वास गल्लीभर पसरला.

संध्याकाळी आदेशची आई, कोकिळावहिनी, वावरातून आली. ट्रॅक्टर आल्यापासून घरात हा एकच बैल उरला होता. तिनं हळद-तूप लावून त्याचा खांदा शेकला आणि रीतीप्रमाणे पोळ्याच्या जेवणाचं आमंत्रण देत कानाशी म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." शिंगांच्या बुडाशी आदेशनं आधीच गोंडे आवळले होते. अंधारात तिला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली पाखऱ्याची शिंगं लखलखत होती. संस्थेच्या रुचिकाताई माइकवर म्हणाल्या, "बघा, रंगाशिवायही बैल किती सुंदर दिसतो!" बक्षिसाची ढाल आदेशच्या हातात पडली. पाखऱ्या सारखी मान झटकत होता. लोक म्हणाले, नाचून राह्यला. त्या टाळ्यांचीच मला किळस आली.

ओवाळणीचा फोटो काढायला रुचिकाताई घरापर्यंत आल्या. वहिनीनं पाखऱ्याचे पाय धुतले, कपाळाला हात लावताना गोंडा सरकवला आणि तिची बोटं लाल झाली. कुंकू तर अजून ताटातच होतं. सोललेल्या शिंगावर माशा घोंगावत होत्या.

रुचिकाताईंचा मोबाइल खाली आला. "मी फक्त रंगाचं म्हटलं होतं हो..."

"पोरी," वहिनी म्हणाली, "ढाल देण्याआधी एकदा हात लावून त पाहाचा होता."

ताई जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायला बाहेर गेल्या. वहिनीनं जखमेत हळद भरली आणि पुरणपोळीचं ताट पाखऱ्यासमोर धरलं. तो हळूहळू खात होता, ती त्याच्या मानेवरून हात फिरवत होती. आदेश ढाल कोनाड्यात ठेवून पाटावर येऊन बसला.

"आई, माह्यं ताट?"

वहिनीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तुले आवतन कोनं देल्लं?"