वाळूसाठी घेतलेली छत्री

मी एक जुनी छत्री आहे मित्रांनो, पण पावसाची नव्हे! हे आधीच बजावते, कारण आमच्या गावात माझ्याबद्दल सगळ्यांचा तोच गैरसमज आहे. मी समुद्रकाठी वाळूत रोवायची, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, अख्खं घर सावलीत घेईल अशी ऐसपैस छत्री. दांडीचं टोक वाळूत शिरावं म्हणून अणकुचीदार केलेलं आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पिशवीवर नारळाच्या झाडाचं चित्र होतं. आणि नशिबी आलं अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं रेडमंड, जिथे आभाळ सदा गळत असतं.

प्रसन्न आणि दीपा यांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांची केया तिसरीत होती. शाळेच्या वाचनालयातून तिने शिंपल्यांचं पुस्तक आणलं होतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ लहान लहान बेटं आहेत आणि तिथे लाटा ढीगभर शिंपले आणून टाकतात, असं त्यात लिहिलं होतं. प्रसन्न नागपूरचा, त्यालाही समुद्राचं लेकीइतकंच अप्रूप. "या समरला नक्की," तो म्हणाला. केयाने माझ्या दांडीवर तारामाशाचा स्टिकर चिकटवला आणि जाहीर केलं, "दिस साइड इज माइन!" मला कोण आनंद झाला!

मग मला गॅरेजमध्ये उभं केलं. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच पातळ दार आहे, त्यामुळे पुढची सगळी रड मला ऐकावी लागली.

दीपाला एक सवय आहे. कुठे जायचं ठरलं, की भेटेल त्याला ती म्हणते, "चला ना तुम्हीही!" आपल्यात असं म्हणायची पद्धतच असते. समोरच्याने "बघू गं" म्हणायचं आणि विषय तिथेच मिटवायचा. पण मिटवतंय कोण? अरुण आणि सुवर्णा हे शेजारचं जोडपं लगेच तयार झालं. पद्मिनीकाकू म्हणजे महाराष्ट्र मंडळातल्या झाडून सगळ्यांच्या काकू. त्यांनी तर पोह्यांची जबाबदारीच घेतली. झालं! व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला. कुकर लावता येईल असं मोठं घर हवं. अरुणला थीम पार्क जवळ हवा. काकूंना बेटावर जाणारा लांबलचक पूल नको, चक्कर येते. सुवर्णाचे सासू-सासरे नेमके तेव्हाच येणार. कोणाचा व्हिसा, कधी वादळांचा सीझन. दर वर्षी शेवटी दारापलीकडून प्रसन्नचा थकलेला आवाज यायचा, "कॅन्सल केलं यार. नेक्स्ट इयर बघू."

नेक्स्ट इयर! हे दोन शब्द ऐकले की अजून माझ्या काड्या थरथरतात.

बरं, नुसती पडून होते असंही नाही. सॉकरच्या मैदानावर थंड पावसात मी निथळत उभी राहिले. गणपती तळ्याकाठी निघाले, तेव्हा मूर्ती भिजू नये म्हणून मलाच वर धरलं. ते मात्र मी मनापासून केलं, खोटं का बोलू? पण मंडळाच्या पिकनिकला मला वड्यांच्या कढईशेजारी उभं केलं आणि माझ्या पांढऱ्या पट्ट्यावर तेलाचे डाग पडले ते कायमचे. "दीपा, छत्री झकास आहे हं!" लोक म्हणायचे. मी आतल्या आत चरफडायचे. पुढे पुढे घरातले माझ्या टोकाने गॅरेजमधली कोळिष्टकं काढू लागले. तारामाशाचा रंग उडाला. केया उंच झाली, गाडी चालवू लागली आणि तिने समुद्राचं विचारणं सोडून दिलं.

या वर्षी तिला बॉस्टनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तेव्हा ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, बाबा, जायच्या आधी एकदा जाऊया ना. जस्ट अस, आपण तिघंच. प्लीज." प्रसन्नने लगेच बेटावरचं छोटंसं घर बुक केलं. केयाने मला स्वतः धुतलं, पुसलं, पिशवीत घातलं.

आणि रविवारी पद्मिनीकाकू जेवायला आल्या. वाढता वाढता दीपा म्हणाली, "काकू, आम्ही फ्लोरिडाला चाललोय. चला ना तुम्हीही!"

"अगं, मी वाटच बघत होते, कोणी म्हणतंय का," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खूश होता की मला धड रागावताही येईना.

काकू गेल्यावर प्रसन्न म्हणाला, "दीपा, काय हे?"

"तोंडातून निघून गेलं रे. आता नाही कसं म्हणायचं? वाईट वाटेल त्यांना."

"अँड मी?" केयाने विचारलं.

दीपा ताटं उचलू लागली. काकूंना कळलं म्हणजे अरुण-सुवर्णालाही कळलं. छोटं घर कॅन्सल झालं. मोठं घर मिळालं ते थेट ऑक्टोबरातलं. ऑगस्टमध्ये केया दोन बॅगा घेऊन निघून गेली. जाताना गॅरेजमधून गेली, माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

तर मित्रांनो, मी समुद्र पाहिला! पांढरी वाळू, कोमट वारा, भरतीच्या रेषेवर शिंपलेच शिंपले. प्रसन्नने मला रोवलं. सावलीत काकू बसल्या, अरुण आडवा झाला, सुवर्णाने पोह्यांचा डबा उघडला. तारामाशाच्या बाजूला कोणीतरी बर्फाची पेटी ठेवली. दीपाने ती उचलून उन्हात नेऊन ठेवली आणि केयाला व्हिडिओ कॉल लावला.

"इज दॅट माय अम्ब्रेला?" केयाने विचारलं.

"हो गं," दीपा म्हणाली. "तूही ये ना, केया. दोन दिवस तरी ये."

"आई, आय हॅव क्लास," केया म्हणाली.

दीपा बराच वेळ माझी दांडी धरून बसली होती. इतकी वर्षं ती सगळ्यांना तेच म्हणत आली होती. त्या दिवशी ते अगदी मनापासून म्हणाली.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. माझे डाग धुऊ नका, मला नवी पिशवीही नको. पण ज्या पोरासाठी छत्री घ्याल, ते तिसरीत आहे तोवर ती वाळूत उघडा.